मॉडेल रेल्वेचे लाइव्ह सेल: सोलापुरात बसून काय घ्यावं, काय सोडावं

आधी निकाल सांगून टाकतो. परदेशी हॉबी शॉपच्या लाइव्ह सेलमधून, म्हणजे इंटरनेटवर थेट प्रक्षेपणात होणाऱ्या विक्रीतून, मॉडेल रेल्वेचं इंजिन जरूर घ्यावं, आणि उत्पादन बंद झालेलं इंजिन हवं असेल तर याहून चांगली जागा नाही. डबे आणि वॅगन निवडून घ्यावेत. रूळ, ट्रान्सफॉर्मर, इमारतींचे किट आणि स्टार्टर सेट तिथून मुळीच घेऊ नयेत. स्वस्त पडेल या आशेने तर कोणीच या वाटेला जाऊ नये. पडद्यावर दिसणारा आकडा आणि खोकं जुळे सोलापुरातल्या घरी पोचेपर्यंत होणारा आकडा यांत जवळपास तिपटीचं अंतर पडू शकतं. त्याचा हिशेब पुढे मांडला आहे.

मग घ्यायचं कशासाठी? वेबसाइटवर इंजिनाचा फोटो दिसतो, लाइव्ह सेलमध्ये इंजिन चालताना दिसतं. ते उलटं करून दाखवा म्हटलं की माणूस उलटं करून दाखवतो. आपल्याकडे ज्या वस्तूसाठी जवळपास दुकान नाही आणि परत पाठवणं परवडत नाही, ती पैसे देण्याआधी अशी पाहायला मिळणं ही मोठीच सोय आहे. या सेवेचं खरं मोल तेवढ्यात आहे, म्हणून ती वापरताना लक्ष बोलीपेक्षा तपासणीवर हवं.

पद्धत बहुतेक दुकानांची सारखीच. ठरलेल्या वारी संध्याकाळी दुकानाचा माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो, एकेक वस्तू उचलतो, क्रमांक आणि किंमत सांगतो. ठरलेल्या किमतीची वस्तू असेल तर चॅटमध्ये तिचा क्रमांक आणि 'सोल्ड' असं जो पहिला लिहील त्याची. बोलीची वस्तू असेल तर आकडा वाढत जातो आणि उलटी मोजणी संपली की शेवटच्या बोलीवाल्याची. शो संपल्यावर सगळ्या वस्तूंचं एकच इन्व्हॉइस ई-मेलने येतं आणि ते ठरलेल्या मुदतीत भरावं लागतं. न भरणाऱ्याला पुढच्या वेळी चॅटमधून बाहेर काढतात, ते योग्यच आहे.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटे ४:३०, हिवाळ्यात ५:३०. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. ब्रिटिश दुकानाचा ७ चा शो आपल्याकडे रात्री ११:३० ला, हिवाळ्यात १२:३० ला. या बदलाच्या आठवड्यांत लोक हमखास तासभर चुकतात. गजर लावताना दुकानाच्या गावची वेळ बघा, मागच्या आठवड्याची वेळ गृहीत धरू नका.

दुसरी अडचण प्रक्षेपणाच्या उशिराची. चित्र आपल्यापर्यंत काही सेकंद मागून येतं, आणि मध्ये एकदा नेट अडखळलं की व्हिडिओ आणखी मागे पडतो, पण ते लक्षात येत नाही. आपल्याला वस्तू नुकतीच दिसलेली असते आणि तिकडे ती विकून झालेली असते. म्हणून दर काही मिनिटांनी प्लेअरमधलं 'लाइव्ह'चं बटण दाबून चित्र पुढे आणावं. राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा आणि लॅपटॉपला तारेने जोडावा. व्हिडिओ एका यंत्रावर आणि चॅट दुसऱ्यावर ठेवलं तर टाइप करताना चित्र झाकलं जात नाही. वस्तूंची यादी आधी टाकली जात असेल तर हव्या त्या क्रमांकाचा मजकूर लिहून तयार ठेवा, वेळ आली की फक्त पाठवायचा. बोलीच्या बाबतीत मात्र या उशिरावर उपाय नाही. होस्टच्या पडद्यावर जो क्रम दिसतो तोच खरा, वाद घालून उपयोग नाही. आपली वरची मर्यादा आधीच रुपयांत, सगळे कर धरून कागदावर लिहावी आणि त्यापुढे हात आवरावा.

आता मुख्य भाग, तपासणी.

'टेस्टेड' या शब्दावर कधीही थांबू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की वीज दिल्यावर मोटर फिरली. काही दुकानं इंजिन रोलरवर ठेवून चाकं फिरवून दाखवतात. दिसायला छान दिसतं, पण रोलरवर इंजिन जागचं हलत नाही, त्यामुळे वीज सगळ्या चाकांतून येते की दोनच चाकांतून, हे कळत नाही. इंजिनाला भारही नसतो. होस्टला सांगा की रुळावर चालवा, सगळ्यात कमी वेगात, दोन्ही दिशांना, आणि जमलं तर सांध्यावरून, म्हणजे रूळ फाटतात त्या जागेवरून, न्या. प्रामाणिक दुकानदार हे आनंदाने करतो. वेळ नाही म्हणाला तर ती वस्तू सोडून द्या.

कमी वेगातच का? कारण वेगात सगळे दोष लपतात. सावकाश सरकणारं इंजिन एका ठरावीक अंतराने लचकत असेल, म्हणजे ठक... ठक... असं, तर आसाचा गियर तडकला आहे असं समजायला हरकत नाही. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लाइफ-लाइक कंपनीची प्रोटो २००० मालिकेतली जुनी डिझेल इंजिनं. तिच्यात चाकांच्या दोन अर्ध्या आसांच्या टोकांवर प्लॅस्टिकचा गियर दाबून बसवलेला असतो. वर्षं उलटली की ते प्लॅस्टिक आकसतं, पण आत धातूचा आस असल्यामुळे त्याला आकसायला जागा नसते. मग गियरच्या नळीला लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर पडते. ती चीर ज्या दोन दातांच्या मधून जाते तिथलं अंतर वाढतं, आणि फिरताना ती जागा आली की शेजारचा गियर तिथे अडकून उडी मारतो. आसावरची पकड सैल झाल्याने चाकांमधलं अंतरही सरकतं आणि इंजिन सांध्यावर रूळ सोडतं. उपाय सोपा आहे. अ‍ॅथर्न कंपनीचा ६००२४ क्रमांकाचा गियर यात बसतो. ट्रकखालचं (म्हणजे चाकांच्या बोगीखालचं) झाकण उचकटून चाकं काढायची, गियर बदलायचा, चाकांमधलं अंतर एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजने, म्हणजे मापनपट्टीने, मोजून पुन्हा बसवायचं. चार आसांच्या इंजिनाला चार गियर लागतात, सहा आसांच्याला सहा. एकच तडकलेला दिसला तरी सगळे बदला, उरलेले त्याच वयाचे असतात. अशा इंजिनासाठी बोली लावायला काही हरकत नाही, फक्त किंमत तशी द्यावी आणि गियर त्याच खोक्यातून मागवावेत. तेवढ्यासाठी वेगळं पार्सल मागवणं म्हणजे नसता खर्च.

ज्याला उपाय नाही असा दोष जस्ताच्या ओतीव सांगाड्याचा. ओतताना जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून कुजत जातो, फुगतो आणि भेगा पडून शेवटी बिस्किटासारखा तुटतो. दमट उष्ण हवेत हे लवकर होतं. ओळखायचं कसं? इंजिनाचं वरचं कवच सांगाड्यावर सपाट बसत नाही, बाजू बाहेर आलेल्या दिसतात, कपलिंगच्या पेटीजवळ बारीक भेगा असतात. होस्टला इंजिन उलटं करून दोन्ही टोकं कॅमेऱ्याजवळ धरायला सांगा. फुगवटा दिसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

उलटं धरलं की आणखी दोन गोष्टी बघून घ्या. चाकाच्या फिरत्या कडेवरचा चंदेरी मुलामा जाऊन पिवळं पितळ दिसत असेल तर इंजिन भरपूर चाललेलं आहे, मग पेटी कितीही नवी दिसो. आणि चाकांच्या कडा फार खोल असतील तर कोड ८३ च्या रुळावर (हा आकडा रुळाच्या उंचीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) त्या आतल्या खिळ्यांवर आपटत जातात. अशा जुन्या युरोपीय चाकांना कोड १०० चा रूळ लागतो.

पेटी नवी, इंजिन न वापरलेलं, पण वीस-पंचवीस वर्षं दुकानात पडून राहिलेलं, असा मालही खूप येतो. तो चांगला की वाईट हे पेटीतल्या फोमवर ठरतं. जुना फोम विरघळून चिकट होतो आणि रंगाला चिकटून बसतो. पेटी उघडून इंजिन बाहेर काढताना फोमचे कण सोबत येतात का, ते बघा. ग्रीसही मेणासारखं घट्ट झालेलं असतं, पण ते साफ करता येतं, त्याची काळजी नको. वेगळ्या पिशवीतले कठडे, शिट्ट्या, आरसे असे बारीक भाग आहेत का, हे मात्र विचारा. ती पिशवी हरवलेली असेल तर ते भाग नंतर मिळवणं फार जिकिरीचं.

डीसीसी, म्हणजे रुळातून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत, तिच्या बाबतीत शब्दांचा घोळ फार होतो. 'डीसीसी रेडी' म्हणजे आत फक्त सॉकेट आहे, तो संदेश वाचून मोटर चालवणारा डेकोडर नाही. सॉकेट ८ पिनांचं, २१ पिनांचं की नेक्स्ट १८, हे विचारल्याशिवाय डेकोडर मागवू नये. 'डीसीसी इक्विप्ड' म्हणजे डेकोडर बसवलेला आहे. आवाजाचा डेकोडर असलेलं इंजिन साध्या डीसीवर चालवून दाखवत असतील तर ते सुरुवातीला निपचित पडून राहतं आणि सात-आठ व्होल्टच्या आसपास एकदम जागं होऊन निघतं. तो दोष नाही, डेकोडरला जागं व्हायला तेवढी वीज लागतेच. हे माहीत नसल्यामुळे इतर लोक माघार घेतात आणि चांगलं इंजिन कमी बोलीत सुटतं. उलट साधं डीसी इंजिन डीसीसीच्या रुळावर गुणगुणत उभं दिसलं तर त्याची मोटर तापत असते. असं दाखवणाऱ्या होस्टला इंजिनाची जाण कमी आहे असं समजा.

आता मापाचं. इथे चूक झाली तर इंजिन कितीही चांगलं असो, ते कपाटात जातं. एचओ १:८७ (म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं) आणि ब्रिटिश ओओ १:७६, दोन्ही १६.५ मिमीच्या रुळावर धावतात, पण शेजारी उभे केले तर डोळ्यांना खुपतात. एन हे त्याहून लहान माप, ते ९ मिमीवर धावतं. अमेरिकी शोमध्ये लायोनेलसारखा ओ गेजचा तीन रुळांचा माल भरपूर येतो. तो दिसायला भरदार, पण एसीवर चालतो, आणि त्याला स्वतंत्र रूळ आणि मोठी खोली लागते. मार्क्लिन कंपनीच्या एचओ गाड्यांनाही एसीची तिसरी वाट लागते आणि त्यांची चाकं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून विलग नसतात, म्हणून त्या आपल्या दोन रुळांवर ठेवल्या की सरळ शॉर्ट. वळणाचाही विचार करा. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर २२ इंच त्रिज्येचं वळण बसतं. सहा आसांच्या बहुतेक डिझेल इंजिनांना ते चालतं, पण अमेरिकी ८५ फुटी प्रवासी डबे तिथे विचित्र दिसतात आणि कपलिंग ओढून रूळ सोडतात.

अमेरिकी ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला की गेलाच. म्हणून सेटमधल्या पॉवर पॅकची किंमत आपल्यासाठी शून्य धरायची. रूळही नको, त्याचं वजन आणि लांबी दोन्ही पार्सलच्या भाड्यात मोजली जातात.

आपल्या भागातल्या छंदी माणसाला खरं तर भारतीय गाडी हवी असते, सिद्धेश्वर एक्सप्रेस नाहीतर हुतात्मा. तिथे ब्रॉड गेजचा पेच आहे. १६७६ मिमीचा रूळ १:८७ मध्ये १९ मिमीहून थोडा रुंद व्हायला हवा, पण मिळणारा रूळ १६.५ चा. बहुतेक जण ही तडजोड मान्य करतात आणि ती ठीक आहे. अमेरिकी इंजिनं आपल्या इंजिनांची भावंडं आहेत, हेही खरं. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मूळचं अल्को या अमेरिकी कंपनीचं, डब्ल्यूडीजी-४ ईएमडी कंपनीचं. म्हणून अमेरिकी इंजिन घेऊन रंगवलं की झालं, असं मात्र होत नाही. केबिन, रुंदी, छप्पर, सगळंच वेगळं असतं. अशा वेळी खालच्या यंत्रणेसाठी इंजिन घ्यावं. अ‍ॅटलास कंपनीच्या एचओ आरएसडी-४/५ इंजिनात तीन आसांचे असमान अंतराचे ट्रक आहेत, डब्ल्यूडीएम-२ च्या ट्रकच्या जवळ जाणारे. वरचं कवच आपण स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्याचं करावं किंवा थ्री-डी प्रिंट करून घ्यावं. अशा कामासाठी कवच फुटलेलं पण यंत्रणा ठणठणीत असलेलं इंजिन शोच्या शेवटी शेवटी चांगल्या भावात निघतं, आणि त्यावर डोळा ठेवणारे फार थोडे असतात.

याहून चांगली संधी नॅरो गेजमध्ये आहे आणि ती सोलापूर जिल्ह्याची स्वतःची आहे. कुर्डूवाडीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. तिचा रूळ ७६२ मिमीचा होता. तो १:८७ ने भागला तर ८.७६ येतो, म्हणजे एन गेजचा ९ मिमीचा रूळ जवळपास अचूक बसतो. ब्रॉड गेजला जी तडजोड करावी लागते ती इथे करावी लागत नाही. ऑस्ट्रियाच्या ७६० मिमी गेजच्या गाड्यांची एचओई (एचओच्या मापातली नॅरो गेज) मॉडेलं युरोपीय शोमध्ये दिसतात, त्यांचे वॅगन आणि डबे बार्शी लाइनच्या कामासाठी मापाने योग्य आहेत. किंवा एनचं लहान शंटिंग इंजिन घेऊन त्याच्या चाकांवर आपलं कवच चढवावं. ही इंजिनं हलकी असतात, टपालभाडं कमी पडतं, आणि २ बाय ४ फुटांच्या फळीवर अख्खं स्टेशन बसतं. ब्रिटिश ००९ (ओओच्या मापातली नॅरो गेज) ही ९ मिमीच्याच रुळावर धावतं, पण ते १:७६ आहे, हे विसरू नका. शेजारी १:८७ ची माणसं उभी केली की ती त्याच्यापुढे खुजी दिसतात.

आता पैशांचा हिशेब. समजा इंजिन ९० डॉलरला मिळालं आणि भाडं ४० डॉलर. कस्टम्स ड्युटी इंजिनावर एकट्यावर नाही, भाडं आणि विमा धरून लावतात. तेव्हा पाया झाला १३०. खेळणी आणि स्केल मॉडेलं कस्टम्सच्या दरपत्रकात ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात आणि त्यांची मूळ ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के, २०२३ मध्ये ७० टक्के झाली. ७० टक्के धरले तर १३० चे २२१ होतात. त्यावर विजेवर चालणाऱ्या वस्तूचा १८ टक्के आयजीएसटी धरला तर २६१ डॉलर. म्हणजे माल अधिक भाडं, त्याची जवळपास दुप्पट. वैयक्तिक वापराच्या पार्सलला वेगळा, कमी दर लागू शकतो, पण आपलं पार्सल कुठल्या शीर्षकाखाली जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि दर अर्थसंकल्पागणिक हलतात. म्हणून बोली लावताना दुपटीचाच हिशेब धरा. कमी लागलं तर आनंदच आहे. वर कुरिअरचा हाताळणी आकार आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार येतो तो वेगळा.

कार्डाचं आधी बघून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून मर्यादा ठरवावी लागते. इन्व्हॉइस आल्यावर हे शोधत बसलात तर मुदत निघून जाते. पैसे भरताना रुपयांत भरण्याचा पर्याय पुढे आला तर तो नाकारून डॉलरमध्येच भरा. रुपयांचा भाव त्यांचा असतो आणि तो महाग पडतो.

ब्रिटिश दुकानांचा एक फायदा आहे. तिथल्या नव्या मालाच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि भारतात पाठवताना तो लागत नाही. १२० पौंडांची वस्तू १०० ला पडते. पण सेलमध्ये हे आपोआप वजा होईलच असं नाही. इन्व्हॉइसमध्ये बघा आणि नसेल तर भरण्याआधी लिहा.

सेवेची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे 'होल्ड बॉक्स'. अनेक दुकानं तुमच्या वस्तू काही आठवडे एका खोक्यात साठवतात आणि एकत्र पाठवतात. पण एकत्र म्हणजे स्वस्तच असं नाही. कुरिअर वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त ते मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं आत काही असो वा नसो, ६ किलोचं धरलं जातं. अमेरिकी टपालाची लहान पार्सलांची सेवा ४ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोपर्यंत चालते. एचओची दोन इंजिनं त्यात नीट बसतात. माझ्या मते दोन इंजिनं किंवा एक इंजिन आणि चार वॅगन हेच एका पार्सलचं योग्य माप. जास्त भरलं की भाडं उडी मारतं.

बांधणीबद्दल स्पष्ट सूचना द्या. ओतीव सांगाड्याचं इंजिन अर्धा किलोच्या आसपास जड असतं आणि पेटीतल्या प्लॅस्टिकच्या साच्यात हादरे बसले की कठडे आणि कपलिंग तुटतात. इंजिनाभोवती पातळ प्लॅस्टिकची पिशवी, पेटीत मोकळी जागा राहणार नाही अशी भरण, आणि बाहेरच्या खोक्यात सगळ्या बाजूंनी दोन इंच गादी, एवढं लिहून कळवा. धुराचं तेल, रंग, ग्लू यांच्यासोबत पाठवू नका म्हणावं. ज्वालाग्राही द्रव हवाई टपालात चालत नाहीत आणि त्यापायी सगळं पार्सल अडकतं. दुकान भारतात पाठवत नसेल तर मध्यस्थ फॉरवर्डर वापरतात. तिथे भाडं वाचवायला बाहेरचं खोकं काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो कधीही निवडू नका.

कागदपत्रांत सरळपणा ठेवा. किंमत कमी लिहा किंवा गिफ्ट लिहा असं दुकानाला सांगू नका. गिफ्ट म्हणून विनाशुल्क आयात डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद उरला. तेव्हा त्या शब्दाने काही वाचत नाही, फक्त संशय वाढतो. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. म्हणून इन्व्हॉइसवर 'प्रौढ संग्राहकांसाठी स्केल मॉडेल, १४ वर्षांवरील' असं वर्णन, स्केल, आणि नवं की वापरलेलं हे लिहून घ्यावं. पेटीवर १४+ छापलेलं असेल तर उत्तमच. इन्व्हॉइसवरचं नाव आधार किंवा पॅनवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, कारण कुरिअर केवायसी मागतं आणि टोपणनावाने आलेलं पार्सल मुंबईतच पडून राहतं.

खोकं आलं की सील उघडण्यापासूनचा सलग व्हिडिओ करा. त्याशिवाय तुटीची भरपाई मिळणं कठीण. मग लगेच वीज देऊ नका. मल्टिमीटरने एकाच आसाच्या दोन चाकांमध्ये शॉर्ट नाही ना, हे पाहा. चाकांचं अंतर गेजने तपासा. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून प्लॅस्टिकला चालणारं नवं ग्रीस अगदी थोडं लावा, बेअरिंगना तेलाचा एकच थेंब. जास्त तेल मोटरच्या कम्युटेटरवर गेलं तर वेगळीच दुखणी सुरू होतात. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे शेजारी यंत्रमाग चालतात, तिथे हवेतलं सुताचं तूस तेलकट आसांवर हमखास गुंडाळलं जातं. तिथे तेल आणखी कमी, आणि चिमट्याने तूस काढणं जास्त वेळा.

डीसीवर कमी व्होल्टपासून सुरुवात करा. आजच्या मोटरचं एचओ इंजिन मोकळं धावताना साधारण पाव अँपियर घेतं. अर्ध्याच्या पुढे जात असेल तर कुठेतरी अडकतंय, थांबा आणि शोधा. डेकोडर असेल तर मुख्य रुळावर नेण्याआधी प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर सीव्ही ८ (डेकोडरमधल्या नोंदींपैकी आठवी) वाचा, त्यात डेकोडर बनवणाऱ्याचा क्रमांक असतो. १५१ आला तर ईएसयू, १४५ झिमो, १४१ साउंडट्रॅक्स, १२९ डिजिट्रॅक्स. काहीच वाचता येत नसेल तर आधी चाकं पुसा, नव्वद टक्के वेळा तेवढ्यानेच काम होतं. आधीच्या मालकाने डेकोडरला कोणता पत्ता, म्हणजे इंजिन ओळखायचा क्रमांक, दिला होता हे कळत नसेल तर त्याच बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणे रीसेट करा. पुष्कळ डेकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ स्थितीत येतात आणि पत्ता ३ होतो.

उणीव सांगायची तर एकच मोठी आहे. दोष निघाला तर वस्तू परत पाठवण्याचं भाडं वस्तूएवढंच होतं, त्यामुळे परतीचा नियम कागदावर कितीही चांगला असला तरी सोलापुरातून तो वापरता येत नाही. चांगली दुकानं अशा वेळी काही रक्कम परत करतात किंवा सुटा भाग पाठवतात. आपण निवडलेलं दुकान तसं करतं का, हे पहिल्या खरेदीआधीच विचारून घ्या. पहिली खरेदी वीस-पंचवीस डॉलरच्या वॅगनची करा. बांधणी, कागदपत्रं, उत्तर द्यायला लागणारा वेळ, सगळं त्या एका वॅगनवरून कळतं.